घडीचा टप

दि. ३, मंगळवार

शब्द ज्याने दिला त्याचे स्मरण करून ही वही उघडतो. या वयात दैनंदिनी लिहिण्याचा माझा मोह हिला हास्यास्पद वाटतो. "जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेलं उलगडून सांगितलंत, आता स्वतःचं लिहा. ते तरी कुणाला समजावून सांगावं लागणार नाही," असे म्हणून ही खोकत खोकत हसली. 'ही' म्हणजे माझी पत्नी. वहीतदेखील तिचा निराळा उल्लेख करणे मला जमणार नाही.

निमित्त असे. आमची एकुलती लेक डोंगरांपलीकडे राहते. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी तिला दिवस गेले आहेत आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठण्यास मनाई केली आहे. ती येणे अशक्य. इकडे हिची फुप्फुसे दुबळी आणि पाठ त्याहून दुबळी. घटकाभर बसली की कळा सुरू होतात. आमच्या डॉक्टरांनी काल स्पष्टच सांगितले, "न्यायचं असेल तर थंडीच्या आत न्या आणि झोपवून न्या. पुढच्या वर्षाचं मी आज काही बोलत नाही." घरी आल्यावर ही म्हणाली, "पोरीला एकदा डोळे भरून बघायचंय. मग तुमचा तो मोक्ष का काय तो, येऊ दे खुशाल."

माझा धाकटा भाऊ घरामागच्या शेडमध्ये गाड्या दुरुस्त करतो. त्याच्याकडे एक जुना छोटा ट्रक आहे, मागे उघडा हौदा असलेला. आज तो भंगारातून एक घडीचा टप घेऊन आला. प्रवासी गाड्यांवर बसवतात तसला: मिटला की पेटीच्या झाकणासारखा सपाट, आणि कड्या सोडून वर लोटला की चारी बाजूंनी कापडी भिंती ताणल्या जाऊन आत माणूस उभा राहील एवढी खोली तयार होते. "हौद्यावर हा बसवला, खाली गादी टाकली की वहिनींची पालखी तयार!" धाकटा म्हणाला.

"पालखी राहू दे. आधी ते धुऊन घ्या," ही म्हणाली. "आतून कसला वास येतोय. पाणी दिवसेंदिवस साठवून ठेवल्यासारखा."

मला वास आला नाही.

दि. ५, गुरुवार

टप हौद्यापेक्षा दोन्ही अंगांनी वीतभर रुंद निघाला. धाकट्याने मोजमाप आधी घेतले नव्हते. त्याचे म्हणणे, घेतले होते आणि तेव्हा ते जुळले होते. "दादा, शपथेवर सांगतो. काल हा एवढा नव्हता."

"मग काय रात्रीत जेवून सुटला?" ही म्हणाली.

शेवटी ठरले की टप कापायचा नाही. हौद्याच्या कडांवर लोखंडी अँगलची चौकट वेल्डिंग करून तिच्यावर तो बसवायचा. तोवर तो शेडमध्ये चार लाकडी घोड्यांवर, म्हणजे उंच तिवयांवर, उघडलेल्या स्थितीत, उभा राहील. व्हरांड्यातून पाहिले म्हणजे एखादी लहान खोलीच जमिनीपासून छातीभर उंचीवर तरंगत असल्याचा भास होतो.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे स्तोत्रपाठाला बसलो. मनात आले, देह म्हणजे तरी काय? असाच एक घडीचा टप. श्वास आहे तोवर भिंती ताणलेल्या. तो सुटला की सपाट. ही कल्पना मी हिला विस्ताराने सांगू लागलो. पुरते अर्धे वाक्यही झाले नसेल.

"पुरे झालं. आणि मघाशी तिसऱ्या ओळीत तुमची जीभ घसरली. दीर्घ होतं, ऱ्हस्व म्हणालात."

हिला संस्कृत येत नाही. अर्थ विचाराल तर म्हणेल, तो तुमच्यापाशीच ठेवा. परंतु आयुष्यभर स्वयंपाकघरातून माझा पाठ कानावर पडलेला. एखादी मात्रा चुकली की भांडी आपटल्याचा आवाज येतो. आमच्या सहजीवनात माझ्या विवरणाचे एकही वाक्य हिने पूर्ण ऐकून घेतलेले नाही, हे येथे निर्लेप मनाने नोंदवून ठेवतो.

दि. ८, रविवार

टपाच्या कापडी भिंती कोपऱ्यांत विरल्या आहेत. ही आत उशीला टेकून सुईदोऱ्याने ठिगळे लावते. तेवढे काम पडल्या पडल्या होते, असा हिचा हट्ट. मी बाहेर खुर्ची टाकून वाचत होतो. आतून हिचे बोलणे ऐकू येत होते, मध्ये थांबून, पुन्हा पुढे, जसे आपण कुणाला उत्तर द्यायला अवसर देतो तसे.

"कुणाशी बोलतेस?"

"कापडाशी."

"काय म्हणते कापड?"

"तुमच्यापेक्षा कमी बोलतं."

थोड्या वेळाने ही पाणी प्यायला खाली उतरली आणि माझ्या शेजारी उभी राहून हिने पेला तोंडाला लावला. त्याच वेळी टपाच्या कापडाला आतून एक लहानसा फुगवटा आला, कोपराचा टेकू द्यावा एवढाच, आणि तो हळूहळू भिंतीच्या लांबीभर सरकत गेला. मी धाकट्याला दाखवले. "वारा," तो म्हणाला. समोर दोरीवर त्याचा रुमाल वाळत होता. तो हलत नव्हता.

हिने पाहिले की नाही, ठाऊक नाही. पाणी पिऊन पेला माझ्या हाती दिला, दुसरा भरून घेतला आणि तो घेऊन वर चढली.

दि. १२, गुरुवार

एक बिजागरी गंजून तुटली. दुसरी मिळवण्यासाठी धाकट्याबरोबर भंगाराच्या आवारात गेलो. तेथील मालकाला त्याच्या लोखंडी राशींमुळे सगळे कुबेर म्हणतात. तो दारांच्या ढिगावर बसून बिजागऱ्या धुंडाळीत होता. मी सहज विचारले, हा टप कुणाच्या गाडीचा?

"तुम्हाला सांगितलं नाही होय यानं?" कुबेराने धाकट्याकडे पाहिले. धाकटा टायर मोजू लागला.

मग त्याने सांगितले ते असे. एक नवराबायको होते, वय झालेले, गाडीतच राहायचे, फिरायचे. डोंगरात घाटमाथ्यावर गाडी थांबवून नवरा पाणी आणायला उतरला. तो खाली दरीत सापडला, पुढे बऱ्याच दिवसांनी. गाडी जागच्या जागी उभी होती. टप उघडलेला. सगळ्या कड्या आतून लावलेल्या.

"आणि बाई?"

"आत कुणीच नव्हतं. कापड कुठं फाडलेलं नाही, काच फुटलेली नाही. कड्या तोडून आत गेले तर दोन उशा आणि दोन पेले." बिजागरी सापडली तशी त्याने ती पँटला पुसली. "माझ्याकडं आल्यापासून कुणी घेत नव्हतं. बघून जायचे. तुमचा भाऊ पहिलाच."

परत येताना धाकटा म्हणाला, "वहिनींना सांगू नको. दुसरा टप कुठून आणू? थंडी काय आपल्यासाठी थांबणारे?" त्याचे खरे होते. मी सांगणार नाही. त्या अनामिक जीवाच्या शांतीसाठी मात्र रोज शेडमध्ये उभा राहून पाठ करीन. एवढा अधिकार माझ्या जिभेला असावा.

दि. १५, रविवार

आज एक अलौकिक घटना घडली. आनंदाने नव्हे, गांभीर्याने नोंदवतो. (आनंदही आहे.)

दुपार कलताना धाकटा हिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. घरी मी एकटा. टपाच्या कडेला बसवायची रबराची पट्टी बोटांनी खाचेत दाबीत होतो आणि तोंडाने पाठ चालू होता. पाठ संपला. अखेरच्या अक्षरानंतर जी शांतता असते तिच्यात, कापडाच्या पलीकडून, माझ्या कानापासून हातभर अंतरावर, एक स्त्री म्हणाली:

"येते."

आवाज वयस्क होता. दमलेला, परंतु अदबशीर.

माझ्या अंगावर काटा उभा राहिला हे लपवत नाही. परंतु दुसऱ्याच क्षणी अर्थ उमगला आणि भीती ओसरली. आपल्या भाषेत निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही. जाणे हा शब्द उंबऱ्यावर उच्चारायचा नसतो. तो ज्या एका प्रवासासाठी राखून ठेवला आहे त्यातून कुणी परतत नाही. म्हणून जाणारी व्यक्ती 'येते' म्हणते, आणि निरोप देणाराही 'या' म्हणतो. ज्याला ही भाषा परकी त्याला वाटेल की येथे कुणी कुठे जातच नाही, सारे येतच राहतात. किती कोमल, किती विचक्षण योजना! ती बाई माझ्या पाठाने तृप्त होऊन निघाली होती आणि सुसंस्कृत स्त्रीप्रमाणे निरोप मागत होती.

मी हात जोडले आणि शक्य तितक्या प्रेमाने म्हणालो, "या. सुखाने या."

कापड एकदा आत ओढले गेले, जसा कुणी श्वास घ्यावा. मग सारे स्थिर झाले. शेडच्या दारातून घराकडे काहीतरी गेल्यासारखी गार झुळूक आली.

शब्दांची इतकी वर्षे सेवा केली, तिचे फळ आज पदरात पडले.

दि. १७, मंगळवार

मन प्रसन्न आहे. त्या दिवसापासून टपातून कोणताही आवाज नाही. हिची प्रकृतीही संध्याकाळी विलक्षण सुधारते. काल दिवेलागणीला पाठाला बसलो तर ही येऊन मागच्या कोपऱ्यात, कपाटाच्या सावलीत, बसली. बसली! पाठीची तक्रार नाही, खोकला नाही. पाठ झाल्यावर मी देहाच्या उपमेचे ते राहून गेलेले विवरण पुन्हा सुरू केले, आणि हिने ते पूर्ण ऐकून घेतले. मध्ये एक शब्द नाही. मी विचारले, "कळले?" तर म्हणाली, "किती छान सांगता. अजून सांगा."

वैराग्याच्या गोष्टी करणाऱ्या माणसाला एवढ्या कौतुकाने उचंबळून यावे, हे शोभत नाही. तरीही आले.

सकाळी चहाच्या वेळी मी तो विषय काढला. ही माझ्याकडे बघतच राहिली. "काल संध्याकाळी? मी तर खोलीत पडून होते. कळा येत होत्या म्हणून हाका मारल्या तुम्हाला, दोनदा. तुम्ही आपले कुणाशी तरी प्रवचन करत बसला होतात."

औषधांनी विस्मरण होते, असे डॉक्टर म्हणाले होते. मी वाद घातला नाही.

दि. २१, शनिवार

चौकट तयार. आज टप हौद्यावर चढवला. धाकट्याने शेजारच्या गवंड्याला आणि त्याच्या दोन भावांना बोलावले. ट्रक मागे घेऊन टपाच्या खाली आणायचा, जॅकने टप किंचित उचलून घोडे काढायचे, आणि मग चारही कोपरे एकदम सोडत चौकटीवर टेकवायचे, असा बेत.

"हलका आहे, फायबर आहे," धाकटा म्हणत होता. एका कोपऱ्याचा जॅक करकरत जमिनीत रुतला.

"अहो, आत कोण बसलंय? उतरवा आधी!" गवंडी ओरडला.

"कोण असणार? रिकामा आहे."

"रिकामा? या कोपऱ्याला माणूस आहे माणूस. हे बघा, आता त्या कोपऱ्याला गेला."

ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला स्पष्ट दिसत होती. पीठ चाळत होती. धाकट्याने शिडी लावून आत डोकावले, खाली उतरला आणि म्हणाला, "कुणी नाही. सोडा सावकाश." त्याचा चेहरा पांढरा पडला होता. टप चौकटीवर बसला तो अगदी बेमालूम. बोल्ट घालायला भोके पाडावीच लागली नाहीत असे वाटावे इतका. गवंड्याने चहा घेतला नाही.

नंतर मी धाकट्याला एकीकडे घेऊन विचारले, आत काय दिसले? "गादी अजून टाकली नाही ना आपण?" तो म्हणाला. "नुसती फळी आहे. पण फळी गरम लागली हाताला. कुणी आत्ता उठून गेल्यासारखी." मग डोके खाजवून, "उन्हानं असेल."

दि. २४, मंगळवार

संध्याकाळचे श्रवण अखंड चालू आहे. ही आता प्रश्नही विचारते. विशेषतः एकच प्रश्न पुन्हा पुन्हा, जरा वेगवेगळ्या शब्दांत: जो वाट पाहत राहतो त्याचे काय होते? मी वासना आणि पुनरागमन यांविषयी सांगितले. ही म्हणाली, "आणि कुणी बोलावलं तर?" मी म्हणालो, प्रेमाने बोलावले तर येण्यात दोष नाही. कोपऱ्यात समाधानाचा सुस्कारा ऐकू आला.

दिवसा मात्र ही चिडचिडी. "माझी शाल कुठंय? खुंटीला होती." शाल ट्रकमधल्या गादीवर व्यवस्थित घडी करून ठेवलेली सापडली. "मी नाही ठेवली," ही म्हणते. खोकलाही सकाळी वाढला आहे. एकाच देहात दोन प्रकृती: उजेडात रोगी, अंधार पडू लागताच निरोगी. डॉक्टरांना विचारायला हवे.

लेकीचा फोन आला होता. "आई, येतेस ना गं?" एवढेच ती सारखी विचारत होती. ही म्हणाली, "येते म्हणजे काय, येतेच."

दि. २७, शुक्रवार. दुपार, घाटाच्या पायथ्याशी

पहाटे निघालो.

घडले तसे लिहितो. धुके होते. धाकट्याने टप मिटून ट्रक दारासमोर आणला. प्रवासात टप मिटलेलाच ठेवायचा, ही खाली हौद्यात गादीवर पडून राहणार, आणि चालकाच्या मागच्या सरकत्या खिडकीतून आमच्याशी बोलणार, अशी व्यवस्था. मी सामान ठेवून वळलो तर शाल डोक्यावरून घेतलेली ही मागच्या पायरीवरून आत चढत होती. हात द्यायला धावलो, पण गरज पडली नाही. झपकन चढली. गादीवर भिंतीकडे तोंड करून निजली. "बरं आहे ना?" विचारले. "हो," म्हणाली. घराचे दार ओढून घेतले आणि निघालो.

वाटेत मी खिडकीतून बोलत होतो. ही ऐकत होती. एकही कण्हणे नाही, ढास नाही, खड्ड्यातून गाडी गेली तरी नाही. मी मनोमन कृतज्ञता व्यक्त केली.

येथे थांबलो तेव्हा फोनला पुन्हा रेंज मिळाली आणि तो वाजला. लेकीचा होता. ती रडत होती.

"बाबा, तुम्ही आईला घरी का टाकून गेलात?"

"काय म्हणतेस? आई मागे झोपली आहे."

"सकाळपासून तुमचा फोन लागत नाहीये, आणि आत्ताही घरच्या फोनवरून बोलली ती माझ्याशी! अंघोळीला गेले होते म्हणे, बाहेर आले तर गाडी नाही. पायरीवर बसलीये, बाबा. तिला धाप लागलीये."

धाकट्याने ऐकले. तो उतरून मागे गेला आणि दरवाजा ओढू लागला. उघडेना. "आतून कडी लागलीये."

"मग काय झाले? आतून लावली असेल."

"दादा," तो म्हणाला, "आतल्या कड्या मी काढून टाकल्या होत्या. कुबेरानं सांगितलं त्याच दिवशी."

मी खिडकी सरकवली. अंधारात शालीचा आकार. "अगं," मी म्हणालो. "ओ," आतून उत्तर आले. हिचाच आवाज. पण त्यात श्वासाची ती घरघर नव्हती, जिच्या लयीवर मी इतकी वर्षे झोपत आलो.

तरीही कोणता आवाज खरा? फोनवरचा मी ऐकला नव्हता. घरचा फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. मग मी खिडकीला तोंड लावून रोजचा पाठ सुरू केला आणि तिसरी ओळ मुद्दाम मोडून म्हटली. मात्रा चुकवल्या, दोन शब्दांची अदलाबदल केली; कुणाही श्रोत्याच्या कानाला बोचावे असे.

"किती छान म्हणता," आतून ती म्हणाली. "अजून म्हणा."

तेव्हा मला ते सगळे दिसले, जे ही वही चाळणाऱ्या कुणालाही माझ्या आधी दिसले असते. ती निघते आहे असे म्हणालीच नव्हती. वाट पाहून थकलेल्या त्या बाईने विचारले होते, येऊ का? आणि मी, शब्दांचा जाणता, या म्हणालो होतो. सुखाने या.

धाकटा म्हणाला, "काहीतरी कर. तुलाच येतं ते."

मला काय येते? पाठ तिला आवडतात. तिला बाहेर काढायला माझ्यापाशी एकच अक्षर उरले होते, जे मी उभ्या आयुष्यात कोणत्याही उंबऱ्यावर उच्चारलेले नाही; शत्रूलाही नाही. आणि जर माझी चूक होत असेल, जर त्या शालीखाली खरोखर हीच असेल, आज प्रथमच कळा थांबून नवऱ्याचे कौतुक करणारी, तर मी माझ्या पत्नीला ते अक्षर म्हणणार होतो, आणि आपल्या भाषेत ते माघारी घेता येत नाही. धाकट्याने माझा हात धरला. खिडकीच्या कडेवर आतून बोटे टेकली होती. बारीक, स्वच्छ, ओली.

मी डोळे मिटले आणि म्हणालो, "जा."

बोटे लगेच निघाली नाहीत. "बरं," ती म्हणाली. एखाद्या मुलीला पंगतीतून उठवावे आणि तिने कारण न विचारता उठावे, तसे.

मग टपाच्या बाहेरच्या कड्या एकामागून एक सुटल्या. कुणी हात लावला नव्हता. टप सावकाश वर उचलला गेला, कापडी भिंती ताणल्या गेल्या, हिने लावलेली ठिगळे उन्हात उजळली. दरवाजा आपसूक उघडला. गादीवर शाल होती. गादीला सुरकुतीही पडलेली नव्हती.

परत निघतो आहोत. घरचा फोन अजून कुणी उचलत नाही. मी कुणाला जा म्हणालो, देव जाणे.

त्याच दिवशी, संध्याकाळ

घराच्या पायरीवर बसून लिहितो. अजून थोडा उजेड आहे.

ट्रक वळला तेव्हा ही दारात उभी होती. चौकटीला टेकून, पदर ओला, आणि लांबूनच ऐकू येईल असा खोकला. तो खोकला ऐकून माझ्या डोळ्यांना जे झाले ते धाकट्याने पाहिले नाही असे समजतो.

"आलात का? मुक्कामाला पोचलात म्हटलं!" ही म्हणाली. "सामान न्यायची आठवण राहिली, बायको तेवढी विसरलात. वा! आणि कुलूप तरी लावायचं, कुणी उचलून नेली असती तर?"

"वहिनी, फोन का उचलला नाहीत?" धाकट्याने विचारले.

"फोन? आधी धाप लागली होती, मग हात मोकळे नव्हते."

मी हिला पायरीवर बसवले आणि प्रथमच सारे सांगितले. कुबेराने सांगितलेले, मी ऐकलेले, मी उत्तरलेले, घाटाखाली उच्चारलेले. हिने पूर्ण ऐकून घेतले. मध्ये एक शब्द नाही. माझ्या मनाला पुन्हा भीती शिवली.

"म्हणजे ती तुम्ही पाठवलीत होय," ही शेवटी म्हणाली.

"कोण?"

"दुपारी दार वाजलं. बघते तर बाई उभी. वयस्क, पायापर्यंत भिजलेली, अंगावर धड पांघरूण नाही. म्हटलं काय हो, कुठून आलात? तर म्हणाली, मला जा म्हणाले." हिने माझ्याकडे असे पाहिले की मी मान खाली घातली. "दाराशी आलेल्या माणसाला कुणी असं म्हणतं का? एवढं वाचलंत ते कशासाठी?"

मी विचारले, "आणि तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? या म्हटलं. केस पुसून दिले, गरम पाणी दिलं. हात मोकळे कुठून असणार?"

"मग आता..."

"हळू बोला. आत्ता कुठं डोळा लागलाय तिचा."

मी उघड्या दारातून आत पाहिले. आमच्या खोलीचे दार लोटलेले आहे. तेथून येणारा श्वास येथवर ऐकू येतो; संथ, स्वच्छ, घरघर नसलेला. ही माझ्या शेजारी बसून खोकते आहे. दोन्ही आवाज एकाच वेळी येत आहेत, हे मी तीनदा कान देऊन पडताळले.

"उद्या पहाटे निघायचं," ही म्हणाली. "पोर वाट बघतेय. आणि हे बघा, उद्या आधी तिला बसवा, मग मला. म्हणजे घोटाळा नको."

धाकटा हौद्यात चढला आहे आणि गादीशेजारी दुसरी फळी बसवतो आहे.